कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसाचे कुटुंब : नाशिकमध्ये कोणता अर्ज, कुठे आणि केव्हा

कर्तव्यावर असताना पोलीस अधिकाऱ्याचा किंवा अंमलदाराचा मृत्यू झाला की शासन एक ठरावीक रक्कम देते आणि पुढचे सारे कार्यालय आपोआप पार पाडते, असा समज अनेक कुटुंबांत असतो. प्रत्यक्षात अशी एकच एक रक्कम नसते. कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी, गट विमा, अपघात विमा, सानुग्रह अनुदान आणि अनुकंपा नियुक्ती (मृताच्या कुटुंबातील एकाला नोकरी) ही सगळी वेगवेगळी देणी आहेत. प्रत्येकाला मंजुरी देणारा अधिकारी निराळा, अर्ज निराळा आणि बहुतेकांची मुदतही निराळी. निवृत्तिवेतनाची फाइल पुढे सरकली म्हणजे विम्याचा दावाही दाखल झाला, असे गृहीत धरण्यातच कुटुंबांचे सर्वाधिक नुकसान होते. घरातील ज्या व्यक्तीवर, म्हणजे बहुधा दीर, भाऊ किंवा मोठ्या मुलावर, ही धावपळ येऊन पडते, त्याच्यासाठी हा क्रम लिहिला आहे.

प्रकरण कोणत्या घटकाकडे जाते

पोलीस दलात मृत्यूचे ठिकाण आणि नोकरीचा घटक यांत फरक केला जातो आणि देण्यांची सर्व प्रकरणे मृत व्यक्ती ज्या घटकाच्या आस्थापनेवर होती तेथूनच जातात. नाशिक शहरातील पोलीस ठाण्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी तो घटक म्हणजे गंगापूर रस्त्यावरील पोलीस आयुक्तालय. मालेगाव, येवला, सिन्नर, निफाड, सुरगाणा अशा तालुक्यांतील पोलीस ठाण्यांसाठी तो आडगाव येथील नाशिक ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय असतो. त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रतिनियुक्तीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत त्याचा मूळ घटक कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

हा फरक २०२७ च्या सिंहस्थासारख्या बंदोबस्तात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतील हजारो पोलीस नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे येतात. अशा कर्मचाऱ्याचा येथे मृत्यू झाला, तर पंचनामा, शवविच्छेदन आणि मृत्यूची नोंद नाशिकमध्ये होते, तर सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरण त्याच्या मूळ जिल्ह्यात राहते. गावी परतल्यावर नाशिकमधील एकेका कागदासाठी पुन्हा प्रवास करण्यापेक्षा येथील सर्व कागदांच्या प्रमाणित प्रती जाण्यापूर्वीच मिळवणे, किंवा निदान त्यांसाठीचे अर्ज देऊन त्यांच्या पोचा घेणे, हे कितीही जड वाटले तरी करावे.

पहिल्या दिवसांतील नोंदी

पुढच्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात एकच प्रश्न विचारला जातो : मृत्यूच्या वेळी ही व्यक्ती कर्तव्यावर होती काय, आणि मृत्यू त्या कर्तव्यामुळे झाला काय. या प्रश्नाचे उत्तर नंतर कोणी सांगितलेल्या हकिगतीवर ठरत नाही, तर त्या दिवशी लिहिल्या गेलेल्या नोंदींवर ठरते. हजेरी मास्तरने केलेली कर्तव्यवाटपाची नोंद, ठाणे दैनंदिनीतील रवानगीची नोंद, बंदोबस्ताचा लेखी आदेश, वाहन असल्यास त्याचे लॉगबुक आणि नियंत्रण कक्षाला दिलेला संदेश हे त्यांतील मुख्य पुरावे आहेत. कर्मचारी साध्या वेशात समन्स बजावायला गेला असेल, आरोपीच्या शोधात परजिल्ह्यात असेल किंवा रात्रपाळी संपवून घरी परतत असताना अपघात झाला असेल, तर रवानगीची नोंद नसल्याने प्रकरण अडते. म्हणून अशा प्रकरणांत तपासाची कागदपत्रे आणि वरिष्ठांनी दिलेले आदेश यांतून ते कर्तव्य सिद्ध करावे लागते.

कुटुंबाने पहिल्या पंधरवड्यातच घटकप्रमुखांच्या नावे एक साधा अर्ज द्यावा. त्यात मृत कर्मचाऱ्याचे नाव, पद, बक्कल क्रमांक, सेवार्थ (वेतन प्रणालीतील) क्रमांक, घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. कर्तव्यावर असल्याबाबतचे प्रमाणपत्र आणि वर सांगितलेल्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात, अशी विनंती करावी. अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. सहकारी मनापासून मदत करतात, हे खरे आहे. परंतु त्या सहकाऱ्यांच्याही बदल्या होतात आणि मागे राहतो तो कागद.

दुसरी नोंद वैद्यकीय आहे. अनैसर्गिक किंवा अचानक मृत्यू असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अकस्मात मृत्यूची नोंद होते, जिला पोलीस ठाण्यात सर्व जण ‘ए.डी.’ म्हणतात, आणि त्यानंतर शवविच्छेदन होते. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, शवविच्छेदन झाले आणि अहवालात मृत्यूचे कारण राखून ठेवले असे लिहिले, तर त्याचा अर्थ व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवला जाणार आहे, असा होतो. तो अहवाल येऊन डॉक्टरांचे अंतिम मत मिळेपर्यंत अपघात विम्याची कंपनी सहसा रक्कम देत नाही. पण दावा दाखल करायला अंतिम अहवाल लागत नाही. हाती असलेल्या कागदांवर दावा वेळेत दाखल करावा आणि अंतिम मत नंतर जोडले जाईल, असे त्यात लिहावे.

मृत्यू कोणत्या प्रकारात मोडतो

पोलीस स्मृतिदिनी, म्हणजे २१ ऑक्टोबरला, १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या दहा पोलिसांसह त्या वर्षीच्या सर्व हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. मात्र मानवंदनेत जो भेद होत नाही तो लेखाशाखेत होतो आणि कुटुंबाने तो समजून घेतला नाही, तर अपेक्षा आणि हाती येणारी रक्कम यांत मोठे अंतर पडते.

सेवेत असताना आजाराने किंवा अन्य नैसर्गिक कारणाने आलेला मृत्यू हा पहिला प्रकार. यात निवृत्तिवेतन, उपदान, गट विमा, रजेचे रोखीकरण आणि अनुकंपा नियुक्तीचा अर्ज एवढे सर्व लागू होते, पण अपघात विमा लागू होत नाही. बंदोबस्तात उभ्या असलेल्या अंमलदाराला हृदयविकाराचा झटका आला, तर तो कर्तव्यावरील मृत्यू असला तरी विम्याच्या भाषेत अपघात नसतो. हे कठोर आहे आणि माझ्या मते अन्याय्यही आहे, परंतु पॉलिसीतील ‘अपघात’ शब्दाची व्याख्या बाह्य इजेपुरती असते. कोविडच्या काळात मालेगावसारख्या ठिकाणी बंदोबस्त करताना पोलिसांना संसर्ग झाला, तेव्हा नेहमीच्या नियमांतून मदत होत नसल्यामुळेच राज्य शासनाला २०२० मध्ये ५० लाख रुपयांच्या सानुग्रह साहाय्याचा स्वतंत्र निर्णय घ्यावा लागला होता.

कर्तव्यावर असताना झालेला अपघात हा दुसरा प्रकार, आणि नाकाबंदी, महामार्गावरील गस्त, आरोपींची ने-आण यांमुळे तो वारंवार घडतो. येथे पहिल्या प्रकारातील सर्व देण्यांबरोबर अपघात विमा आणि मोटार अपघात दावा हे दोन मार्ग खुले होतात.

तिसरा प्रकार नक्षलवादी किंवा दहशतवादी यांच्याशी झालेल्या चकमकीतील, म्हणजे लढताना आलेल्या मृत्यूचा. या प्रकारात सानुग्रह अनुदान वेगळे असते. शिवाय मृत पोलीस ज्या तारखेला सेवानिवृत्त झाला असता, त्या तारखेपर्यंत कुटुंबाला त्याचे वेतन देण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे आणि निवृत्तिवेतन त्यानंतर सुरू होते. पोलिसांचे निवृत्तीचे वय ५८ आहे, म्हणून तिशीतील अंमलदाराच्या कुटुंबासाठी या तरतुदीचे मोल सानुग्रह रकमेपेक्षाही मोठे असू शकते. नाशिकमध्ये नोकरीला असलेले पण पूर्वी किंवा सध्या गडचिरोलीत नेमणुकीवर गेलेले अनेक जण आहेत. त्यांच्या कुटुंबांनी या तरतुदीचा उल्लेख आपल्या अर्जात स्पष्ट शब्दांत करावा. ‘नियमानुसार सर्व लाभ मिळावेत’ असे मोघम वाक्य लिहिले, तर प्रकरण नेहमीच्या साच्यात टाकले जाण्याचा धोका असतो.

कागदपत्रे आणि वारसाचा प्रश्न

मृत्यूचा दाखला मृत्यू जेथे झाला तेथील निबंधकाकडून मिळतो. नाशिक शहरात तो महानगरपालिकेकडून आणि गावात ग्रामपंचायतीकडून घ्यावा. नोंदणी २१ दिवसांच्या आत झाली, तर विलंब शुल्क किंवा प्रतिज्ञापत्राची भानगड राहत नाही. दाखल्याच्या भरपूर मूळ प्रती एकदमच घ्याव्यात, कारण बँक, विमा कंपनी, कोषागार आणि न्यायालय हे चौघेही मूळ प्रत मागतात. दाखल्यावरील नाव, सेवापुस्तकातील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते काय, हे घेतानाच पाहावे. वडिलांच्या नावाचे संक्षिप्त रूप किंवा आडनावातील एका वेलांटीचा फरक यांमुळे प्रकरणे महालेखापालांकडून परत येतात.

विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पत्नीचे स्वतंत्र बँक खाते, छायाचित्रे आणि ओळखचिन्हांचा तपशील हे इतर नेहमीचे कागद. विवाहाची नोंदणीच झालेली नसेल, तर ती आता करता येते का हे पाहण्यात वेळ घालवू नये. सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील, शिधापत्रिका आणि मुलांच्या दाखल्यांवरील आईचे नाव यांच्या आधारे पुढे जावे.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, ही गोष्ट घरातील सर्वांनी एकत्र बसून समजून घेणे आवश्यक आहे. अनेक तरुण अंमलदार भरतीच्या वेळी आईचे किंवा वडिलांचे नाव लावतात आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र नामनिर्देशनावर चालत नाही. ते नियमांत दिलेल्या क्रमाने, म्हणजे प्रथम पती किंवा पत्नीला, मिळते. बँकेतील ठेवी आणि विम्याच्या रकमांत नामनिर्देशित व्यक्तीकडे पैसे येतात. त्यावर इतर वारसांचा हक्क आहे काय, हा वाद मग घराच्या उंबऱ्यावर येतो. नामनिर्देशन नसेल किंवा वाद असेल, तर नाशिकच्या दिवाणी न्यायालयातून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा १८२७ च्या विनियमाखाली वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. तलाठ्याकडील सातबाऱ्याची वारसनोंद या कामाला चालत नाही. दुसऱ्या विवाहाचा प्रश्न असेल, तर पहिला विवाह कायम असताना झालेला दुसरा विवाह हिंदू कायद्याने निरर्थक ठरतो आणि त्या स्त्रीला निवृत्तिवेतन मिळवणे अवघड जाते, तरी तिच्या मुलांचे हक्क वेगळे तपासले जातात. अशा प्रकरणात वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा.

निवृत्तिवेतन आणि उपदान

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील नियम ११६ हा कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधार आहे. सर्वसाधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. सेवेत असताना मृत्यू झाल्यास अटी पूर्ण होत असतील, तर सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के या वाढीव दराने ते मिळते, आणि दोन्हींवर महागाई वाढ लागू होते. वाढीव दर संपण्याची तारीख मंजुरी आदेशावरच छापलेली असते. ती कुटुंबाने आधीच पाहून ठेवावी, म्हणजे एका महिन्यात रक्कम एकदम उतरली तर धक्का बसणार नाही.

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना (एनपीएस) लागू असल्यामुळे त्यांच्या कुटुंबांना पूर्वी हे निवृत्तिवेतन मिळत नव्हते. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ही स्थिती बदलली आणि अशा कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान देण्याचे ठरले. तरीही ‘तुमचे तर एनपीएस आहे, तुम्हाला पेन्शन नाही’ असे तोंडी उत्तर देणारा एखादा भेटतोच. त्याच्याशी वाद न घालता या निर्णयाचा दिनांक लिहून लेखी अर्ज द्यावा आणि कर्मचाऱ्याने हयातीत विकल्प, म्हणजे एनपीएसचे लाभ की कुटुंब निवृत्तिवेतन याची निवड, नोंदवला होता काय, हे सेवापुस्तकात पाहावे. हा विकल्प पाहण्यापूर्वी राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यातील रक्कम काढण्याचा अर्ज कोणाच्याही घाईमुळे भरू नये.

मृत्यू उपदान सेवेच्या कालावधीनुसार वेतनाच्या पटीत ठरते आणि त्याची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख रुपये झाली आहे. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण जास्तीत जास्त ३०० दिवसांचे मिळते आणि ते घटकाच्या कार्यालयातूनच मंजूर होत असल्याने तुलनेने लवकर हाती येते. म्हणून त्याचा पाठपुरावा आधी करावा.

प्रकरण घटकाच्या पेन्शन शाखेतून मुंबईच्या महालेखापाल (लेखा व हकदारी) कार्यालयात जाते आणि निवृत्तिवेतन देण्याचा प्रदान आदेश नाशिकच्या जिल्हा कोषागारात येतो. या प्रवासात वेळ जातो. म्हणून प्रकरण मुंबईला रवाना होताच तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याची लेखी विनंती कार्यालयप्रमुखांकडे करावी. ही तरतूद नियमांतच आहे, मात्र मागितल्याशिवाय ती अनेकदा वापरली जात नाही. गणवेश, साहित्य आणि शस्त्र जमा केल्याचा दाखला, शासकीय निवासस्थानाचे ना-देय प्रमाणपत्र आणि पोलीस पतसंस्थेच्या कर्जाचा हिशेब हे तीन कागद राहिल्यामुळे उपदान अडकते. म्हणून ते आधीच मिळवावेत. पतसंस्थेच्या कर्जाला मृत्यू साहाय्य किंवा विम्याचे संरक्षण आहे काय, हेही तेथेच विचारावे. तसे न केल्यास कर्जाचा बोजा जामीनदार सहकाऱ्यांवर जातो.

विमे : ज्यांची कोणी आठवण करून देत नाही

राज्य शासकीय कर्मचारी गट विमा योजना, १९८२ ची रक्कम कार्यालय स्वतः मंजूर करते आणि त्यात विम्याच्या रकमेबरोबर बचत निधीही असतो. यापेक्षा वेगळी अशी समूह व्यक्तिगत अपघात विमा योजना आहे, जिची वर्गणी वर्षातून एकदा पगारातून कापली जाते. ती कापली होती याचा पुरावा म्हणून त्या महिन्याची पगारपत्रक प्रत घ्यावी.

सर्वांत जास्त विसरला जातो तो पगार खात्यासोबतचा विमा. बहुतेक बँका पोलिसांच्या पगार खात्यावर विनामूल्य अपघात विमा देतात, त्याची रक्कम मोठी असते आणि दावा कळवण्याची मुदत लहान असते. खाते ज्या शाखेत आहे तेथील व्यवस्थापकाला पहिल्या महिन्यातच पत्र देऊन पगार खात्यावरील विमा, डेबिट कार्डावरील विमा आणि कर्जावरील विमा यांची माहिती लेखी मागावी. मृत व्यक्तीच्या मोबाइलवरील संदेशांत प्रधानमंत्री जीवन ज्योती किंवा सुरक्षा विम्याच्या कपातीची नोंद सापडते काय, तेही पाहावे. त्यामुळे मृत व्यक्तीचे सिमकार्ड काही महिने चालू ठेवणे फायद्याचे ठरते. मात्र ‘कोषागारातून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा. कोषागार ओटीपी मागत नाही.

रस्त्यावरील अपघात

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने मृत्यू झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करता येतो आणि मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करणे अपेक्षित आहे. कुटुंब निवृत्तिवेतन मिळते म्हणून भरपाई कापली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु वेतनाच्या बदल्यात शासनाकडून मिळणारे साहाय्य वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते, याची कल्पना वकिलाला द्यावी. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर २०२२ च्या योजनेत मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात.

अनुकंपा नियुक्ती

अनुकंपा नियुक्ती गट क किंवा गट ड मधील पदावर होते आणि ती हक्काची नसून उपलब्ध जागा आणि प्रतीक्षासूचीतील क्रम यांवर अवलंबून असते. म्हणून अर्जाची तारीखच सर्व काही ठरवते. मृत्यूपासून एका वर्षाच्या आत अर्ज देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मुले अल्पवयीन असतील आणि पत्नी नोकरी करू इच्छित नसेल, तरी हा निर्णय ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नये. तो आत्ताच लेखी कळवावा आणि मुलाने किंवा मुलीने सज्ञान होताच अर्ज करावा. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, विवाहित मुलगी आणि काही परिस्थितीत सून यांपैकी एकच जण पात्र ठरतो आणि इतरांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. मृत कर्मचाऱ्यास ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर कुटुंब या योजनेतून बाद होते.

पोलीस शिपाई पद मागावे की कार्यालयातील लिपिक पद, याचा विचार शांतपणे करावा. गणवेशाच्या ओढीने शिपाई पद मागितले जाते, पण उंची आणि शारीरिक पात्रता नसेल तर त्यात वर्षे जातात. लहान मुले सांभाळणाऱ्या पत्नीला लिपिक पद बहुधा अधिक सोयीचे ठरते आणि त्यासाठी टंकलेखन आणि संगणकाची पात्रता प्रतीक्षेच्या काळातच मिळवता येते.

निवासस्थान आणि मुलांचे शिक्षण

पोलीस वसाहतीतील घर लगेच सोडावे लागत नाही, मात्र मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, तर दंडनीय दराने भाडे लागून उपदानातून वजा होते. मुलांसाठी घटकाच्या पोलीस कल्याण निधीतून शैक्षणिक मदत मिळू शकते. दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात मृत्यू आलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांना २०१९ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत स्थान आहे. त्या वेळी ठरलेले दर मुलांसाठी दरमहा २,५०० आणि मुलींसाठी ३,००० रुपये असून राज्य पोलिसांसाठी वर्षाला ५०० जागा आहेत. ‘भारत के वीर’ निधी प्रामुख्याने केंद्रीय सशस्त्र दलांसाठी असल्याने राज्य पोलिसांच्या कुटुंबांनी त्यावर विसंबू नये.

प्रकरण अडले तर

तोंडी विचारपूस करण्यापेक्षा माहिती अधिकारात ‘प्रकरण सध्या कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या त्रुटीसाठी आहे’ एवढेच विचारावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि हा प्रश्न गेल्यावर फाइल बऱ्याचदा आपोआप हलते. त्यानंतरही काही झाले नाही, तर घटकप्रमुखांच्या तक्रार निवारण दिनी भेटावे. दूरच्या तालुक्यातून आडगावला येणाऱ्यांनी आधी फोन करून संबंधित लिपिक रजेवर नाही ना, याची खात्री करावी.

लेखी नकार आला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे ‘मॅट’च्या, मुंबई येथील खंडपीठाकडे जाता येते. नकाराच्या आदेशापासून एक वर्षाची मुदत असते आणि त्याच कार्यालयाकडे पुनःपुन्हा विनंतीअर्ज करत राहिल्याने ती वाढत नाही. म्हणून नकाराचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट, त्यावरील टपालाच्या शिक्क्यासह, पत्राला टाचून ठेवावे.